नऊ दशांश चार

१

आमच्या आकाशनिरीक्षक मंडळाची मासिक सभा अमावास्येच्या लगतच्या शनिवारी, सायंकाळी ठीक सात वाजता, सार्वजनिक वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील खोलीत भरते. अमावास्या निवडण्यामागे गूढ असे काही नाही. चंद्र नसला म्हणजे मंद तारे दिसतात, इतकेच. हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण पुढील हकिगत वाचून कोणी मला भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या पंगतीत बसवू नये. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले हे खरे; परंतु त्याच वाचनालयाच्या खगोलशास्त्राच्या कपाटातील एकही पुस्तक मी वाचावयाचे ठेवलेले नाही, आणि वाचलेले पडताळून पाहिल्यावाचून मानलेले नाही.

मी भूमापन कार्यालयात आरेखक होतो. अडतीस वर्षे नकाशे काढले. शाईचा एकही थेंब नको त्या जागी पडू दिला नाही, ही गोष्ट माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात सांगितली होती. मंडळासाठी लागणारे आकाशाचे नकाशेही मीच काढतो. म्हणून सगळे मला ‘नकाशेबुवा’ म्हणतात. आरंभी हे नाव मला खटकले होते. पुढे त्यातील मान मी ओळखला.

सभेची रीत ठरलेली आहे. खोलीला तीन खिडक्या आहेत आणि त्यांवर काळे, दुपदरी पडदे आहेत. ते माझ्या धाकट्या बहिणीने शिवले. तिचा शिवणकामाचा व्यवसाय आहे. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. मी लग्न केले नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघेच. साठी ओलांडली तरी मी तिला लहानपणच्या नावाने, ‘चिमणी’ म्हणूनच हाक मारतो. पडदे लावण्यासाठी ती आली, सभेला बसली, आणि अकरावी सदस्य झाली.

सात वाजता पडदे ओढून दिवा मालवतात. डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस मिनिटे तसेच बसावे लागते. त्यानंतर लोखंडी शिडीने गच्चीवर जाऊन दुर्बिणीतून ठरवून दिलेला तारा प्रत्येकाने पाहायचा आणि आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून त्याची प्रत ठरवायची. प्रत म्हणजे तेजाचा क्रमांक. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. आपला आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही. खाली येऊन तांबड्या दिव्याच्या उजेडात तो चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून खडूच्या डब्यात टाकायचा. अध्यक्ष चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात आणि मी त्या नोंदवहीत उतरवतो.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अतिशय मंद तारा सरळ पाहिल्यास दिसत नाही. बुबुळासमोर येणारा दृष्टीचा मधला भाग अंधारात निकामी असतो. म्हणून ताऱ्याच्या किंचित बाजूला नजर ठेवावी लागते. मग तो डोळ्याच्या कडेला उमटतो. आम्ही याला ‘तिरकी नजर’ म्हणतो. नव्या सदस्याला पहिला धडा हाच दिला जातो: जे पाहायचे आहे, त्याच्याकडे पाहू नका.

२

त्या वर्षी मी शर्मिष्ठा तारकासमूहाचा मोठा नकाशा नव्याने काढला. पांढऱ्या जाड कागदावर, काळ्या शाईत, तेवीस दिवस खपून. सभेत तो फळ्यावर लावला तेव्हा सगळे उठून जवळ आले.

“वा, नकाशेबुवा! छापल्यासारखा आहे,” दुर्बिणीचा आरसा ज्यांनी स्वतःच्या हाताने आठ महिने घासून तयार केला ते चष्म्यांचे दुकानदार, आमचे ‘चष्मेवाले’, म्हणाले.

“छापलेल्यात चुका असतात,” मी म्हणालो.

सगळे हसले. रुग्णालयात परिचारिका असलेल्या बाई, ज्यांना आम्ही ‘सिस्टर’ म्हणतो, मात्र हातातील छापील नकाशा आणि माझा नकाशा आलटूनपालटून पाहत होत्या. त्यांनी नखाने एका जागेवर टकटक केले.

“हा कुठला तारा हो? हा यात नाहीये.”

मी पाहिले आणि तत्क्षणी ओळखले. तो तारा नव्हता. किंचित लांबट, एका कडेला कोळ्याच्या पायाएवढे कुसळ सुटलेला, तो शाईचा थेंब होता. माझ्या हातून पडलेला पहिला.

त्या वेळी “चूक झाली” असे दोन शब्द उच्चारले असते तर काय बिघडले असते? काहीही नाही. परंतु खोलीत दहा माणसे होती, नुकतेच मी छापील नकाशांबद्दल बोललो होतो, आणि अध्यक्ष, जे पदवीधर आहेत आणि आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवीत आले, भुवया उंचावून माझ्याकडे पाहत होते.

“मंद आहे,” मी म्हणालो. “छापणाऱ्यांकडून राहिला असेल. मी पाहिला आहे. नऊ दशांश चार.”

“दशांशासकट!” चष्मेवाले उद्गारले.

“मग या महिन्यापासून हाच घेऊ पाहायला,” अध्यक्ष म्हणाले. “नकाशेबुवांचा तारा.”

गच्चीवर एकेकाने दुर्बिणीला डोळा लावला. कोणालाही काही दिसले नाही, आणि मी मनातल्या मनात हुश्श केले. सर्वांत शेवटी चिमणी पुढे झाली. बराच वेळ वाकून राहिली. मग सरळ होऊन पदराने डोळा पुसत म्हणाली,

“दिसला की. अगदी बारीक आहे, पण आहे.”

३

पुढील सभेत डब्यातून अकरा चिठ्ठ्या निघाल्या. अकराही चिठ्ठ्यांवर नऊ दशांश चार. त्यांतील एक माझी. ती खोटी होती हे मला ठाऊक होते. दुर्बिणीतून मी त्या जागी पाहिले होते आणि तिथे केवळ रिकामे, काळे आकाश होते.

मला आश्चर्य वाटले नाही. माझ्या वयाचा आदर म्हणून लोकांनी माझाच आकडा लिहिला असावा, असे मी मानले. खरे सांगायचे तर थोडे सुखावलो.

तिसऱ्या सभेत मात्र अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी उघडून वाचली, “सात दशांश आठ.” दुसरी, “सात दशांश आठ.” तिसरी, चौथी, दहावीपर्यंत तेच. अकरावी माझी होती. नऊ दशांश चार.

“काय हो नकाशेबुवा,” चष्मेवाले म्हणाले, “तारा तुमचा, आणि तुम्हालाच मंद दिसतो? दुकानात या एकदा. नंबर तपासून देतो, फुकट.”

हशा पिकला. मीही हसलो, परंतु हसता हसता नोंदवहीची मागली पाने चाळली. एकाच ताऱ्याची प्रत दहा माणसे ठरवतात तेव्हा त्यांच्यात दोन-तीन दशांशांचा फरक पडतोच. चौदा वर्षांच्या नोंदवहीत दहा आकडे तंतोतंत जुळल्याचे एकही उदाहरण नव्हते. आणि या खेपेला नक्कल करावी असा आकडा कोणी उच्चारलेलाच नव्हता.

मंडळी आपली थट्टा करीत आहेत, हा निष्कर्ष मी घरी जाताना काढला. तो मला अपमानास्पद वाटला आणि त्याच वेळी दिलासाही देऊन गेला.

“चिमे, तुम्ही सगळ्यांनी ठरवून लिहिलंत ना?” मी जिना चढताना विचारले.

“काय ठरवून?”

“आकडा.”

“मी कशाला कोणाशी ठरवू? दिसला तसा लिहिला.” ती दोन पायऱ्या वर थांबली. “तू का तोच जुना आकडा लिहिलास रे, दादा?”

बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर माझ्या उजव्या कानाच्या थोडी पलीकडे, भिंतीवर होती. तिथे मी वळून पाहिले. भिंतीवर काहीही नव्हते.

४

चौथ्या महिन्यात आकडा पाच दशांश एकवर आला. म्हणजे दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी दिसावा इतका. मी वाचनालयात बसून वर्तमानपत्रे चाळली, मासिके चाळली. शर्मिष्ठेत नवा तारा उगवल्याची ओळही कुठे नव्हती. अध्यक्षांना मी तसे विचारले.

“वेधशाळेला कळवायला नको का, सर?”

“कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, तिथे काही नाही म्हणून.”

“मग?”

“मग काय? सरळ बघत असतील.” अध्यक्ष शांतपणे नोंदवही मिटत म्हणाले. त्यांचीही नजर माझ्या कानाच्या पलीकडे होती. “आपण आपली नोंद ठेवू.”

त्याच सुमारास चिमणीच्या कामात बिघाड दिसू लागला. तिची शिवण म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ. या बाबतीत आम्ही दोघे एकाच मातीचे आहोत. एके दिवशी एक बाई घरी आल्या आणि झगा पलंगावर आपटून म्हणाल्या, “ताई, हे काय शिवलंय? एक बाजू कुठे, दुसरी कुठे!” त्या गेल्यावर मी झगा घेऊन शिवणीला पट्टी लावली. रेघ सरळ निघाली होती आणि मग डावीकडे सरकत गेली होती. दुसऱ्या कपड्यावर तसेच, तिसऱ्यावर तसेच. फरक प्रत्येक वेळी सारखा.

ती शिवताना कशी बसते हे मी दारातून पाहिले. मान एका बाजूला वळलेली, नजर सुईच्या वीतभर पलीकडे. पाण्याचा पेला ठेवताना तो टेबलाच्या कडेपासून चार बोटे बाजूला, हवेत ठेवून तिने हात काढून घेतला. काच फुटल्यावर ती दचकली सुद्धा नाही.

“डोळे दाखवून घेऊ,” मी म्हणालो.

“चष्मेवाल्यांनी पाहिले ना. उत्तम आहेत म्हणाले.”

“तो काय पाहणार? तो स्वतः...” मी थांबलो. त्या आठवड्यात चष्मेवाल्यांनी एका गिऱ्हाइकाला चष्मा घालताना काडी डोळ्यात खुपसली होती, हे मला वाचनालयाच्या शिपायाकडून कळले होते.

मग मी एक चाचणी घेतली. कोऱ्या कागदावर शर्मिष्ठेचे केवळ पाच मुख्य तारे मांडले आणि तो कागद तिच्यापुढे ठेवला. “तुझा तो तारा कुठे आहे, दाखव.” तिने कागदाकडे न पाहता, मान तशीच वळवून, पेन्सिल टेकवली. ती झोपल्यावर मी माझा मूळ नकाशा काढला आणि कर्कटकाने अंतरे मोजली. तिचा ठिपका माझ्या थेंबाच्या जागी होता. केसाचाही फरक नव्हता. एवढेच काय, तो किंचित लांबट होता आणि एका कडेला त्याला कुसळ होते.

५

आरेखकाला शाईचा डाग काढता येतो. दाढीच्या नव्या पात्याने कागदाचा वरचा पापुद्रा हलक्या हाताने खरवडायचा, मग नखाच्या पाठीने घोटून जागा गुळगुळीत करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच केले. थेंब निघाला, परंतु त्याचा काळेपणा कागदात खोलवर उतरलेला असावा. मी खरवडत गेलो. माझा हात कधी जड नव्हता. त्या दिवशी तो झाला. नकाशा उचलून खिडकीकडे धरला, तेव्हा थेंबाच्या जागी टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले होते.

जिथे काळा ठिपका होता तिथून आता उजेड येत होता.

नकाशाची घडी घालून मी तो कपाटाच्या तळाशी ठेवला. मंडळात ‘जीर्ण झाला’ असे सांगितले. कोणी चौकशी केली नाही. पाचव्या सभेत त्यांना नकाशाची गरज उरलेली नव्हती. त्यांना गच्चीचीही गरज उरलेली नव्हती. आकाश निरभ्र होते. तरी वीस मिनिटे संपल्यावर शिडीकडे जाण्यासाठी एकटा मीच उठलो. बाकीचे तसेच, अंधारात, खुर्च्यांवर बसून राहिले.

“वर जायचं नाही?” मी विचारले.

“कशाला?” सिस्टरांचा आवाज आला. “बसा हो, बुवा. दिसतंय की.”

चिठ्ठ्या त्यांनी तिथेच लिहिल्या. तांबडा दिवा कोणी लावला नाही. कागदावर पेन्सिली खरखरल्या, घड्या पडल्या, आणि अध्यक्षांनी मिट्ट काळोखात चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. एक दशांश सहा. दहा वेळा.

सभेनंतर जिन्यात सिस्टर माझ्यापुढे उतरत होत्या. रुग्णालयाने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले होते. एका रुग्णाला सुई टोचताना ती शिरेऐवजी बाजूला गेली. पुन्हा टोचली, पुन्हा बाजूला गेली. “सात वेळा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, खेदही नव्हता. “तो ओरडत होता. मला कळेचना का ओरडतोय.”

आणि मग, पायरीवर थांबून, माझ्या कानापलीकडे पाहत: “तुम्ही किती नशीबवान आहात, बुवा.”

६

मी विचारी माणूस आहे. रात्रभर जागून मी हा विषय पायरीपायरीने मांडला. समूहाच्या मनावर एखाद्या विधानाचा पगडा बसू शकतो, हे मी वाचले होते. विधान माझे होते. ते खोटे होते. ज्या दिव्याला खोट्याने वात लावली तो खऱ्याने विझला पाहिजे, याव्यतिरिक्त दुसरा उपाय मला दिसेना. मान जाईल, जाऊ दे. चिमणीची गिऱ्हाइके एकामागून एक तुटली होती. आदल्या आठवड्यात यंत्राची सुई तिच्या तर्जनीतून आरपार गेली होती, आणि ती शांतपणे हँडल फिरवीत राहिली होती. याहून अधिक किंमत माझ्या नावाला नव्हती.

आधी तिला सांगावे असे ठरवले. संध्याकाळी वाचनालयातून परतलो. खालच्या रस्त्यावरून आमच्या खिडकीत दिवा दिसत होता. मी आत पाऊल टाकताच तिने तो मालवला. अलीकडे ती हे नेहमीच करीत असे. डोळ्यांवर येतो, म्हणे.

“चिमे, मला काही सांगायचं आहे. तो तारा नाही. तो शाईचा थेंब होता. माझ्या हातून पडला.”

अंधारात तिने कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच हसली.

“मला माहीत आहे, दादा.”

“काय?”

“पडला तेव्हा मी तिथेच उभी होते. तू मला हाक मारलीस, शाईचं झाकण कुठे आहे म्हणून, आणि मान वळवलीस. तेव्हाच टिपका पडला. तुला नाही दिसला. मला दिसला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू आठ दिवस जेवला नसतास.” ती म्हणाली. “आणि त्या दिवशी गच्चीवरही मला काही दिसलं नव्हतं. सगळ्यांसमोर तुझा पडलेला चेहरा बघवेना, म्हणून दिसला म्हणाले.”

एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी खोटे बोललो नव्हतो, आणि बोललो ते एकाच ठिकाणी.

“मग झालं तर,” मी म्हणालो. “तुलाही दिसला नव्हता. म्हणजे नाहीच तो.”

“तेव्हा नव्हता दिसला,” चिमणी म्हणाली. “पण दिसला म्हटल्यावर नीट बघायला नको का? पुढच्या वेळी मी नीट बघितलं.”

७

सहाव्या सभेला मी शर्टाची इस्त्री नीट पाहून, दाढी करून गेलो. पडदे ओढले गेले, दिवा मालवला गेला. त्या पडद्यांतून उजेडाचा कणही येत नाही. मी स्वतः ते अनेकदा तपासले आहेत. वीस मिनिटे होण्याची वाट न पाहता मी उठलो, चाचपडत फळ्यापाशी गेलो आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

“सभासदहो,” मी म्हणालो, “माझ्याकडून एक चूक घडली आहे, आणि ती लपवण्याची त्याहून मोठी चूकही घडली आहे.” मग सर्व सांगितले. थेंब, छापील नकाशा, नऊ दशांश चार, माझ्या खोट्या चिठ्ठ्या, पाते, भोक. काहीही वगळले नाही. बोलणे संपले तेव्हा बऱ्याच महिन्यांनी छातीत मोकळा श्वास गेला.

कोणी हसले नाही. कोणी रागावलेही नाही.

“म्हणजे तुम्हाला अजून एकदाही दिसलं नाही?” अध्यक्षांनी विचारले. त्यांच्या स्वरात, इतक्या वर्षांत प्रथमच, मला माया जाणवली.

“नाही. कारण तिथे काही नाही.”

“अरेरे,” कोणीतरी म्हणाले.

“तुम्हाला कसं दिसणार हो,” चष्मेवाले म्हणाले. “तुमच्या जागी उभं राहून नाहीच दिसायचं.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मला भिंत दिसत आहे.

समोरची, त्यांच्या मागची पांढरी भिंत. तिच्यावर दहा डोकी होती. काळी, रेखीव, कापून चिकटवल्यासारखी. दिव्याची सावली कडेला फिकट होत जाते. या सावल्यांच्या कडा शाईच्या रेघेइतक्या धारदार होत्या. सुईच्या टोकाएवढ्या उगमातून येणाऱ्या प्रकाशाची सावलीच अशी पडते. उगम मला दिसत नव्हता. प्रकाशही दिसत नव्हता. केवळ सावल्या दिसत होत्या.

अडतीस वर्षांची सवय मनुष्याला कुठेही सोडत नाही. मी नकळत रेघा ओढल्या. भिंतीवरच्या डोक्यापासून खुर्चीवरच्या डोक्यापर्यंत, आणि तिथून पुढे, माझ्या दिशेने. पहिली रेघ. दुसरी. चिमणी तिसऱ्या रांगेत होती. तिच्या सावलीची अंबाड्यातली पिन सुद्धा स्पष्ट होती. तिसरी रेघ. त्या सर्व एका बिंदूत मिळत होत्या, आणि तो बिंदू आकाशात नव्हता. तो फळ्यावर नव्हता. तो माझ्या डाव्या खांद्याच्या मागे, वीतभर अंतरावर, माझ्या कानाच्या उंचीवर होता.

दहाही जणांची नजर, नेहमीप्रमाणे, माझ्या उजव्या कानापलीकडे लागलेली असणार. तीन महिन्यांपासून ते तिथेच पाहत होते. जे पाहायचे आहे, त्याच्या किंचित बाजूला.

माझ्या मानेचे स्नायू वळण्यासाठी ताणले गेले.

“दादा,” चिमणीचा आवाज आला. लहानपणी मी झाडावर उंच चढलो असताना ती खालून जशी बोलत असे, तसा; घाबरवू नये म्हणून सांभाळून काढलेला. “वळू नकोस. हळूच खाली बस. सरळ बघू नकोस त्याच्याकडे.”

मी हळूच खाली बसलो. भिंतीवरच्या दहा सावल्या, जणू कोणी त्यांच्यापुढचा कंदील खाली घेतला असावा, तशा हळूहळू वर चढल्या आणि छतावर वाकल्या.

८

त्या सभेचे इतिवृत्त नोंदवहीत नाही. मी ते लिहिले नाही. मंडळात आता मी जात नाही, परंतु अमावास्येच्या शनिवारी सात वाजता मंडळी आमच्याकडे येतात. फार त्रास देत नाहीत. तासभर बसतात, चिठ्ठ्या लिहितात, जिना आवाज न करता उतरतात. चिठ्ठ्यांवरचे आकडे मी वाचत नाही.

मी आरसा काढून टाकला आहे. रस्त्याने जाताना दुकानांच्या काचांकडे पाहत नाही. रात्री उजव्या कुशीवर झोपतो. एवढी पथ्ये पाळली की दिवस जातात. वाचन चालू आहे. वाचताना समोर दिवा असूनही बोटांची सावली माझ्याकडे न पडता पानावर पुढे पडते, एवढीच अडचण होते.

काल संध्याकाळी मी खाटेवर बसलो होतो. चिमणी यंत्रापाशी होती. बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे काम आले होते. कोणाच्या तरी मुलीचा गणवेश, सकाळी द्यायचा होता. तिने उठून दिवा मालवला. अंधारात ती काही वेळ खटपट करीत राहिली. मग म्हणाली,

“दादा, जरा इकडे येऊन बसतोस?”

“का गं?”

“सुई ओवायची आहे. तिथून नीट उजेड पडत नाही.”

नाही म्हणता आले असते. परंतु तिचे बोट अजून बांधलेले होते, आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या पुसट उजेडात ती माझ्या उजव्या कानापलीकडे पाहत, दोरा ओठांत ओला करून, लहान मुलीसारखी वाट पाहत होती.

मी उठलो. स्टूल तिच्या यंत्राजवळ ओढले आणि पाठ तिच्याकडे करून बसलो.

“थोडा डावीकडे,” ती म्हणाली. “हं. बस. आता हलू नकोस.”

पहिल्याच प्रयत्नात दोरा ओवला गेला. यंत्र सुरू झाले आणि एका लयीत, न अडखळता, बराच वेळ चालत राहिले. मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो आणि मान हलवत नव्हतो.

आज सकाळी, ती गणवेशाची घडी घालण्यापूर्वी, मी शिवणीला पट्टी लावून पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ होती.